मेंदूतील दाहाचे नियमन आणि सायटोकाइनच्या ग्राहींतील जनुकीय भेद

संसर्ग, इजा किंवा स्वतःच्याच ऊतींवर उलटलेली प्रतिकारयंत्रणा यांपैकी कोणत्याही कारणाने शरीराच्या एखाद्या भागात पांढऱ्या पेशी गोळा होतात, रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि तेथील ऊतींचे काम बदलते, तेव्हा त्या प्रक्रियेला दाह म्हणतात. सांध्यात किंवा त्वचेवर हा दाह सूज, लाली, उष्णता आणि वेदना या रूपांत दिसतो. मेंदू मात्र कवटीच्या बंद पोकळीत असल्याने तेथे सुजेला जागा नसते, नष्ट झालेल्या चेतापेशी बहुतांशी पुन्हा निर्माण होत नाहीत, आणि म्हणून तेथील दाहाचे नियमन इतर अवयवांपेक्षा अधिक काटेकोर असावे लागते. हे नियमन ज्या लहान प्रथिनांमार्फत चालते त्यांना सायटोकाइन म्हणतात. एका पेशीने सोडलेले सायटोकाइन दुसऱ्या पेशीच्या पटलावरील ग्राहीशी, म्हणजे रिसेप्टरशी, जुळते आणि त्या पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते. दीर्घकाळ संशोधकांचे लक्ष सायटोकाइनच्या मात्रेवर होते: रक्तात इंटरल्यूकिन-६ किती, मस्तिष्कमेरुद्रवात ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर किती. गेल्या सुमारे वीस वर्षांत मानवी जनुकसंचाच्या अभ्यासातून जे हाती आले, त्याने हा प्रश्नच बदलला. ग्राही कोणत्या पेशीवर आहे, तो पटलात रोवलेला आहे की द्रवात सुटा फिरतो आहे, आणि त्याच्या जनुकातील एखाद्या अक्षराच्या फरकाने या दोन रूपांचे प्रमाण कसे बदलते, यांवर मेंदूतील दाहाची दिशा मोठ्या प्रमाणावर ठरते, असे आता पुराव्यानिशी म्हणता येते.

मेंदूतील दाहात भाग घेणाऱ्या पेशींची ओळख येथे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यांच्यावर उभे आहे. मायक्रोग्लिया या मेंदूच्या निवासी भक्षकपेशी असून गर्भावस्थेच्या अगदी आरंभी पीतक कोशातून मेंदूत येतात आणि तेथेच स्वतःची संख्या टिकवून धरतात. हे उंदरांवरील प्रयोगांत २०१० मध्ये सिद्ध झाले. ॲस्ट्रोसाइट या तारकाकृती पेशी चेतापेशींचे पोषण करतात आणि रक्त व मेंदू यांच्यामधील अडसर राखण्यास मदत करतात. ऑलिगोडेंड्रोसाइट चेतातंतूंभोवती मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण गुंडाळतात. एकच सायटोकाइन या तीन प्रकारच्या पेशींना तीन वेगवेगळे आदेश देऊ शकते, कारण प्रत्येकीवरील ग्राही वेगळे असतात. म्हणूनच ‘दाह वाढवणारे’ आणि ‘दाह शमवणारे’ अशी सायटोकाइनची जी सोपी विभागणी पाठ्यपुस्तकांत आढळते, ती मेंदूच्या बाबतीत फार काळ टिकत नाही.

जनुकीय भेद म्हणजे जनुकसंचातील एखाद्या ठिकाणी व्यक्तीव्यक्तीत असणारा अक्षराचा फरक, आणि त्या ठिकाणच्या प्रत्येक पर्यायाला ॲलील म्हणतात. ग्राहीच्या जनुकातील भेद तीन प्रकारे परिणाम घडवू शकतो. प्रथिनाच्या साखळीतील एखादे अमिनो आम्ल बदलते. किंवा जनुकाच्या प्रतीतील तुकडे जोडण्याच्या प्रक्रियेत, म्हणजे स्प्लायसिंगमध्ये, एखादा तुकडा गाळला जातो. किंवा ग्राही एकूण किती तयार व्हावा याचे प्रमाण बदलते. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे संशोधक आपल्याला संशयास्पद वाटलेले एखादे जनुक निवडून शे-दोनशे रुग्णांत त्याचे भेद तपासत. अशा शेकडो निबंधांतील बहुतेक निष्कर्ष पुढे मोठ्या समूहांत टिकले नाहीत, आणि त्या काळातील यादीवर आज कोणताही सिद्धान्त उभारू नये हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. संपूर्ण जनुकसंच एकाच वेळी तपासण्याची पद्धत आली तेव्हाच भक्कम पाया मिळाला. मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन नष्ट करणाऱ्या रोगाविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ४७,४२९ रुग्ण आणि ६८,३७४ निरोगी व्यक्तींची तुलना झाली आणि २३३ ठिकाणचे भेद रोगाशी निगडित आढळले. त्यांत सायटोकाइनच्या ग्राहींची जनुके लक्षणीय आहेत.

या साऱ्या विषयात सर्वाधिक बोध देणारी कथा ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरची, म्हणजे टीएनएफची, आहे. संधिवात आणि क्रोन्स रोग या दाहजन्य विकारांत टीएनएफ अडवणारी औषधे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कमालीची यशस्वी ठरली होती. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या मेंदूतील व्रणांत टीएनएफ भरपूर आढळत असे, आणि प्राण्यांवरील अनेक प्रयोगांत ते अडवल्यास रोग सौम्य होई, तेव्हा तेच औषध मेंदूलाही उपयोगी पडेल अशी अपेक्षा रास्त होती. लेनरसेप्ट हे औषध म्हणजे टीएनएफच्या पहिल्या ग्राहीचा पेशीबाहेरील भाग प्रतिपिंडाच्या तुकड्याला जोडून तयार केलेला विद्राव्य ग्राही होय. तो रक्तात फिरून टीएनएफला पकडतो आणि पेशींपर्यंत पोहोचू देत नाही. १६८ रुग्णांवरील त्याच्या चाचणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांत रोगाचे झटके कमी होण्याऐवजी वाढले आणि लवकर आले. टीएनएफ अडवणारी इतर औषधे संधिवातासाठी घेणाऱ्या काही रुग्णांत मायलिन नष्ट होण्याची लक्षणे नव्याने उद्भवल्याच्या नोंदीही पुढे झाल्या.

या अपयशाचे एक स्पष्टीकरण लवकरच उंदरांवरील प्रयोगांतून मिळाले. टीएनएफचे ग्राही दोन आहेत. पहिला जवळजवळ सर्व पेशींवर असतो आणि दाह व पेशीमृत्यू यांचे संदेश देतो. दुसरा मोजक्या पेशींवर असतो आणि मुख्यतः पेशीपटलाला चिकटलेल्या टीएनएफला प्रतिसाद देतो. रासायनिक पदार्थ खाऊ घालून उंदरांच्या मेंदूतील मायलिन नष्ट केले असता, टीएनएफ नसलेल्या उंदरांत ते पुन्हा तयार होण्यास विलंब लागतो, आणि ही दुरुस्ती दुसऱ्या ग्राहीमार्फत ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशींची वाढ होऊन घडते, असे २००१ मध्ये दाखवले गेले. सरसकट सारे टीएनएफ अडवणारे औषध हानीबरोबर दुरुस्तीही अडवते, असा त्याचा अर्थ. फक्त सुटे टीएनएफ अडवून पटलावरचे तसेच राहू देणाऱ्या रेणूने उंदरांतील मल्टिपल स्क्लेरोसिससदृश रोग सौम्य केला आणि मायलिनची दुरुस्तीही साधली, हे २०११ मधील निरीक्षण त्याच दिशेचे होते.

मानवी जनुकशास्त्राने या स्पष्टीकरणावर २०१२ मध्ये शिक्कामोर्तब केले. टीएनएफच्या पहिल्या ग्राहीच्या जनुकातील एक सर्वसामान्य भेद मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका किंचित वाढवतो, हे आधीच माहीत झाले होते. ऑक्सफर्ड येथील लार्स फुगर यांच्या गटाने त्याची कार्यपद्धती उलगडली. हा भेद जनुकाच्या सहाव्या एक्झॉनच्या, म्हणजे प्रथिनाची माहिती वाहणाऱ्या सहाव्या तुकड्याच्या, कडेलगत आहे. धोक्याचे ॲलील असल्यास स्प्लायसिंगमध्ये हा तुकडा अधिक वेळा गाळला जातो, त्यापुढील वाचन बिघडते आणि पटलात रोवण्याचा भागच नसलेला आखूड ग्राही तयार होतो. तो पेशीबाहेर सुटा पडतो आणि टीएनएफला अडवू शकतो. म्हणजेच निसर्गाने काही लोकांना जन्मापासून सौम्य मात्रेत जवळजवळ लेनरसेप्टच दिले आहे, आणि त्यांना होणारा परिणामही त्या औषधाच्या परिणामासारखाच आहे. संधिवात, सोरायसिस आणि क्रोन्स रोग यांच्याशी या भेदाचा संबंध आढळला नाही, ही बाब तितकीच महत्त्वाची. ज्या रोगांत टीएनएफ अडवणे उपकारक ठरते त्यांत हा भेद धोका वाढवत नाही. ज्या एका रोगात ते अपायकारक ठरते त्यात तो वाढवतो. ही माहिती १९९० च्या दशकात उपलब्ध असती तर ती चाचणी कदाचित झालीच नसती. जनुकीय भेदाचा रोगाच्या धोक्यावरील परिणाम जेमतेम दहा-बारा टक्क्यांचा असला, तरी तो औषधाचा परिणाम कोणत्या दिशेने जाईल हे सांगू शकतो, आणि या संशोधनाचे खरे मोल तेथे आहे.

ग्राहीचे विद्राव्य रूप वाढवणारे भेद हा अपवाद नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसशी निगडित अशी, प्रतिकारयंत्रणेच्या एचएलए जनुकसमूहाबाहेरची पहिली खात्रीशीर जनुके २००७ मध्ये सापडली, आणि ती दोन्ही ग्राहींचीच होती: इंटरल्यूकिन-७ आणि इंटरल्यूकिन-२ यांच्या ग्राहींची. इंटरल्यूकिन-७ च्या ग्राहीतील भेद २४४ व्या स्थानावरील अमिनो आम्ल बदलतो. परंतु त्याचा खरा परिणाम पुन्हा स्प्लायसिंगवर होतो. पटलात रोवणारा सहावा एक्झॉन धोक्याच्या ॲलीलमुळे सुमारे दुप्पट वेळा गाळला जातो आणि विद्राव्य ग्राही वाढतो. हे ॲलील युरोपीय वंशाच्या लोकांत बहुसंख्यांकडे आहे, त्यामुळे ‘दोषी जनुक’ ही भाषा येथे मुळातच गैरलागू ठरते. सुटा ग्राही सायटोकाइनला पकडून निष्क्रिय करत असावा असा सुरुवातीचा तर्क होता. २०१३ मध्ये उलटेच दिसले. हा ग्राही इंटरल्यूकिन-७ ला पकडतो, पण त्यामुळे ते लवकर वापरले जात नाही आणि अधिक काळ उपलब्ध राहून टी-पेशींना पोसत राहते. विद्राव्य ग्राही नेहमी शमन करतो असे गृहीत धरता येत नाही, तो कधी अडवतो आणि कधी साठवतो.

इंटरल्यूकिन-२ च्या ग्राहीची कथा उपचारांच्या दृष्टीने अधिक कठोर आहे. या जनुकातील अनेक भेद रक्तातील विद्राव्य ग्राहीचे प्रमाण बदलतात, आणि २००९ मधील एका मोठ्या अभ्यासात त्यांपैकी एका ठिकाणचे ॲलील पहिल्या प्रकारचा मधुमेह व मल्टिपल स्क्लेरोसिस यांपैकी एका रोगाचा धोका वाढवणारे आणि दुसऱ्यापासून संरक्षण देणारे आढळले. याच ग्राहीवर बसणारे डॅक्लिझुमॅब हे प्रतिपिंड २०१६ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिससाठी मान्य झाले, रोगाचे झटके त्याने कमीही केले; परंतु मार्च २०१८ मध्ये मेंदूच्या गंभीर दाहाच्या घटनांमुळे ते जगभरातून मागे घेण्यात आले. युरोपीय औषध नियामकाने अशा १२ रुग्णांची नोंद केली होती, त्यांतील तिघे दगावले. दाह शमवण्यासाठी दिलेल्या औषधानेच मेंदूत नवा दाह पेटवला. प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी याच ग्राहीवर जगतात, हे लक्षात घेतले तर या शोकांतिकेत अनाकलनीय असे फारसे काही उरत नाही.

इंटरल्यूकिन-६ या सायटोकाइनच्या बाबतीत पटलावरील आणि सुट्या ग्राहीतील फरक सर्वाधिक बारकाईने अभ्यासला गेला आहे. ओसाका येथील तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८० च्या दशकात हे सायटोकाइन आणि त्याचा ग्राही यांची जनुके शोधली. या ग्राहीची रचना विलक्षण आहे. इंटरल्यूकिन-६ प्रथम स्वतःच्या ग्राहीशी जुळते, पण पेशीच्या आत संदेश पोहोचवण्याचे काम जीपी१३० हे दुसरेच प्रथिन करते. जीपी१३० जवळजवळ सर्व पेशींवर आहे. इंटरल्यूकिन-६ चा ग्राही मात्र यकृतातील पेशी, काही पांढऱ्या पेशी आणि मेंदूतील मायक्रोग्लिया अशा मोजक्या पेशींवर आढळतो. ज्या पेशींवर हा ग्राही आहे त्यांना मिळणारा संदेश पारंपरिक मार्गाचा मानला जातो. परंतु ग्राहीचा बाहेरील भाग विकराने कापला जाऊन सुटा पडला, तर इंटरल्यूकिन-६ ला सोबत घेऊन तो ग्राही नसलेल्या कोणत्याही पेशीच्या जीपी१३० वर जाऊन बसतो, आणि एरवी बधिर असलेल्या चेतापेशी व ॲस्ट्रोसाइट यांनाही दाहाचा संदेश मिळू लागतो. या दुसऱ्या मार्गाला जर्मनीतील कील येथील श्टेफान रोझ-योन यांनी ट्रान्स-संदेशन असे नाव दिले. पारंपरिक मार्ग दुरुस्ती आणि संसर्गाचा प्रतिकार यांच्याशी, तर ट्रान्स-संदेशन जुनाट दाहाशी अधिक निगडित आहे, असे अनेक प्रयोग सांगतात.

मेंदूच्या संदर्भात याचा निर्णायक प्रयोग दोन टप्प्यांत झाला, आणि त्या दोन टप्प्यांत एकवीस वर्षांचे अंतर होते. इयान कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ॲस्ट्रोसाइटमधून सतत इंटरल्यूकिन-६ सोडणारे उंदीर तयार केले. त्यांच्यात चेतापेशींचा ऱ्हास, कंप आणि तोल जाणे ही लक्षणे दिसली. २०१४ मध्ये त्याच प्रकारच्या उंदरांच्या मेंदूत ट्रान्स-संदेशन तेवढे अडवणारे विद्राव्य जीपी१३० निर्माण केले गेले. पारंपरिक मार्ग मोकळाच होता, तरीही चेतापेशींचा ऱ्हास, ॲस्ट्रोसाइटची विकृत वाढ आणि रक्तवाहिन्यांतील बदल मोठ्या प्रमाणावर घटले. मेंदूतील इंटरल्यूकिन-६ ची हानी मुख्यतः सुट्या ग्राहीच्या मार्गाने होते, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

आता मानवी भेद. इंटरल्यूकिन-६ च्या ग्राहीत ३५८ व्या स्थानावर ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲलानिन आणणारा भेद युरोपीय वंशाच्या लोकांत एक तृतीयांशाहून अधिक गुणसूत्रांवर आढळतो. हे स्थान विकराच्या छेदाच्या जागेला लागून असल्याने ॲलानिन असलेला ग्राही सहज कापला जातो. दोन्ही प्रती ॲलानिनच्या असलेल्या व्यक्तींच्या रक्तात सुटा ग्राही सुमारे दुप्पट असतो आणि पेशींवरचा कमी. यकृत पारंपरिक मार्गाने संदेश घेत असल्याने अशा व्यक्तींच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रथिन हे दाहाचे निदर्शक कमी असते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन प्रचंड अभ्यासांनी दाखवले की या ॲलीलच्या प्रत्येक प्रतीमागे हृदयधमनीच्या रोगाचा धोका सुमारे ३ ते ५ टक्क्यांनी घटतो. त्यावरून हे ‘दाह कमी करणारे’ ॲलील आहे असा समज रूढ झाला, आणि हृदयरोगापुरता तो खराही आहे.

मेंदूपाशी आल्यावर मात्र चित्र दुभंगते. ब्रिस्टल परिसरात जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या समूहात, वयाच्या नवव्या वर्षी इंटरल्यूकिन-६ अधिक असलेल्यांना अठराव्या वर्षी नैराश्य येण्याची शक्यता सुमारे दीडपट आढळली, आणि त्याच समूहात ॲलानिनचे ॲलील असलेल्यांना तीव्र नैराश्य वा मनोविकृती यांचा धोका कमी दिसला. हृदयरोगातील निष्कर्षाशी हे जुळते. उलट, अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूंत याच ॲलीलशी इंटरल्यूकिन-६ च्या मार्गाची वाढलेली सक्रियता निगडित असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही निरीक्षणे खरी असू शकतात. रक्तात सुट्या ग्राहीबरोबर विद्राव्य जीपी१३० चाही मोठा साठा असतो आणि तो ट्रान्स-संदेशनाला आवर घालतो. यकृताकडे जाणारा संदेश घटल्याने दूरवरच्या मेंदूलाही काहीसा दिलासा मिळतो. पण मायक्रोग्लियाने मेंदूतच कापलेला ग्राही शेजारच्या चेतापेशीच्या अगदी जवळ असतो, आणि तेथे वाढलेला सुटा ग्राही हानी करू शकतो. एकाच अक्षराचा फरक अडसराच्या एका बाजूला उपकारक आणि दुसऱ्या बाजूला अपायकारक ठरणे अशा रीतीने संभवते. या ग्राहीवर बसणारी तोसिलिझुमॅबसारखी औषधे दोन्ही मार्ग एकदमच बंद करतात, आणि प्रतिपिंडे अडसर ओलांडून मेंदूत अत्यल्प प्रमाणातच जातात. २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झालेले सॅट्रालिझुमॅब हे याच ग्राहीवरील औषध दृष्टिचेता व मज्जारज्जू यांवर आघात करणाऱ्या न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या रोगात यशस्वी ठरले, कारण त्या रोगात घातक प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी मुळात रक्तातच इंटरल्यूकिन-६ वर पोसल्या जातात.

अल्झायमरच्या संदर्भात आणखी एका सुट्या ग्राहीचा उल्लेख आवश्यक आहे. इंटरल्यूकिन-३३ मायक्रोग्लियाला बीटा-ॲमिलॉइड या साचणाऱ्या प्रथिनाची सफाई करण्यास प्रवृत्त करते. एसटी-२ हा त्याचा ग्राही, आणि त्या ग्राहीचे विद्राव्य रूप हा इंटरल्यूकिन-३३ ला अडवून धरणारा चकवा. हाँगकाँग येथील नॅन्सी इप यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवले की या जनुकातील एक भेद विद्राव्य एसटी-२ घटवतो आणि अपोई-४ हे अल्झायमरचा धोका वाढवणारे ॲलील बाळगणाऱ्या स्त्रियांना काही अंशी संरक्षण देतो. परिणाम स्त्रियांपुरता मर्यादित का, याचा उलगडा अजून व्हायचा आहे. तरीही चिनी आणि युरोपीय अशा दोन्ही समूहांत तो आढळल्याने त्याला वजन आहे.

येथवरचे भेद सर्वसामान्य आणि सौम्य होते. दुर्मीळ व तीव्र उत्परिवर्तने वेगळ्याच प्रकारचे ज्ञान देतात. सीएसएफ-१ या सायटोकाइनच्या ग्राहीवर मायक्रोग्लियाचे अस्तित्वच अवलंबून असते. त्याच्या विकर-भागातील उत्परिवर्तनांमुळे ऐन चाळिशीच्या आगेमागे स्वभावातील बदल, विस्मरण आणि हालचालींतील बिघाड यांनी सुरू होऊन श्वेतद्रव्य नष्ट करत जाणारा आनुवंशिक रोग होतो, हे २०१२ मध्ये कळले. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या बालकांच्या मेंदूत मायक्रोग्लिया जवळजवळ नसल्याचे आणि दोन गोलार्धांना जोडणारा महासंयोजी पट्टाही अविकसित असल्याचे २०१९ मध्ये नोंदले गेले. मायक्रोग्लियाला केवळ दाहाचा उगम मानणाऱ्या विचाराला याहून ठोस उत्तर असू शकत नाही. इंटरल्यूकिन-१० च्या ग्राहीबद्दलचे २०२० मधील प्रयोग त्याला पूरक आहेत: ज्या उंदरांच्या मायक्रोग्लियावर हा ग्राही नव्हता, त्यांना पोटात जिवाणूजन्य विष टोचल्यावर इतर उंदीर सावरले तरी ते सावरले नाहीत. दाह सुरू होणे दोन्हींकडे सारखेच होते. तो थांबवण्याचा आदेश ऐकणारा ग्राही मात्र एका गटात नव्हता.

पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनचा ग्राही दोन उपघटकांचा असून विषाणूंविरुद्धच्या पहिल्या बचावाचा तो आधार आहे. दुसऱ्या उपघटकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या एका बालकाचा, निरोगी मुलांना पूर्णतः सुरक्षित असलेल्या गोवर-गालगुंड-रुबेला लसीनंतर मेंदूदाहाने मृत्यू झाल्याचे २०१५ मध्ये नोंदले गेले. पहिल्या उपघटकाचे निकामी ॲलील पश्चिम पॉलिनेशियात १ टक्क्याहून अधिक प्रमाणात असल्याचे २०२२ मध्ये आढळले. उलट टोकाला, या ग्राहीला आवर घालणारे यूएसपी-१८ हे प्रथिन जन्मतः नसल्यास कोणताही संसर्ग नसतानाच नवजाताच्या मेंदूत रक्तस्राव आणि कॅल्शियमचे साठे होतात, आणि अशा एका बालकाला रुक्सोलिटिनिब या औषधाने वाचवता आल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. दोन टोकांच्या मधोमध डाउन सिंड्रोम येतो. इंटरफेरॉनच्या सहा ग्राही-जनुकांपैकी चार एकविसाव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे त्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असलेल्या व्यक्तीत ती चारही दीडपट प्रमाणात असतात. उंदरांतील प्रतिरूपात केवळ या समूहाची जादा प्रत काढून टाकल्यावर हृदयाची विकृती, विकासातील विलंब आणि आकलनातील उणिवा यांत सुधारणा झाल्याचे २०२३ मध्ये दाखवले गेले. इतक्या वर्षांच्या अभ्यासानंतर डाउन सिंड्रोमकडे इंटरफेरॉनच्या अंगाने पाहिले जाऊ लागले, हे या क्षेत्रातील अलीकडचे सर्वांत आशादायक वळण म्हणावे लागेल.

सीसीआर-५ या केमोकाइनच्या, म्हणजे पेशींना ओढून नेणाऱ्या सायटोकाइनच्या, ग्राहीतील ३२ अक्षरे गाळणारा भेद एचआयव्हीपासून संरक्षण देतो म्हणून प्रसिद्ध आहे. मेंदूत त्याची दोन परस्परविरुद्ध रूपे दिसतात: वेस्ट नाइल विषाणूच्या संसर्गात तो रोगलक्षणांचा धोका वाढवतो, तर पक्षाघातानंतर तो असलेले रुग्ण अधिक चांगले सावरतात. भारतीयांत तो दुर्मीळ आहे.

या निष्कर्षांच्या मर्यादा पद्धतींतच आहेत. जनुकीय भेदाला नैसर्गिक चाचणी मानून रोगाचे कारण शोधण्याची पद्धत भेदाचा परिणाम आयुष्यभराचा असतो हे विसरते, तेव्हा फसते. साठीत सुरू केलेले औषध गर्भावस्थेपासून लाभलेल्या भेदाची नक्कल करेलच असे नाही. रक्तातील सुट्या ग्राहीचे प्रमाण मस्तिष्कमेरुद्रवातील प्रमाणाचे विश्वसनीय प्रतिबिंब नसते, तरी बहुतेक मोठे अभ्यास रक्तावरच थांबतात. मेंदूच्या अखंड तुकड्यातून जनुकांचे प्रकटीकरण मोजले तर मायक्रोग्लियाचा अल्प वाटा इतर पेशींच्या गोंगाटात हरवतो. १०० मृत दात्यांच्या मेंदूंतून वेगळ्या केलेल्या मायक्रोग्लियाच्या २५५ नमुन्यांवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास ही उणीव भरून काढण्याचा गंभीर प्रयत्न आहे, पण हजारो रुग्णांच्या जनुकीय अभ्यासांपुढे ही संख्या अजून तोकडी आहे.

आणि यांतील जवळजवळ सर्व पुरावा युरोपीय वंशाच्या लोकांवरचा आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस भारतात युरोपच्या मानाने कमी आढळतो. मुंबई व पुण्यातील पारशी समाजात मात्र तो तुलनेने अधिक असल्याचे मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये दाखवून दिले होते. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या दोन समाजांतील हा फरक ग्राहींच्या भेदांनी कितपत स्पष्ट होतो, हे मोठ्या प्रमाणावर तपासले जाण्याची वाट पाहतो आहे. भारतापुढचा याहून निकडीचा प्रश्न मुलांच्या मेंदूज्वराचा आहे. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा संसर्ग झालेल्या सुमारे २५० जणांपैकी एकालाच गंभीर आजार होतो. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ मध्ये सापडलेल्या विषाणूमुळे २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आजारी पडलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ दगावली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही त्याचा उद्रेक झाला. ज्या मुलांच्या मेंदूपर्यंत विषाणू पोहोचतो त्यांच्या इंटरफेरॉन-ग्राहींत काही वेगळे आहे का, हा प्रश्न पॉलिनेशियातील अनुभवानंतर टाळता येणार नाही.

जीनोम इंडिया प्रकल्पाने ८० हून अधिक लोकसमूहांतील सुमारे १०,००० व्यक्तींचे जनुकसंच वाचले असून ती माहिती फरिदाबाद येथील केंद्रातून जानेवारी २०२५ पासून संशोधकांना उपलब्ध झाली आहे. निरोगी भारतीयांत कोणते भेद किती प्रमाणात आहेत हे त्यावरून कळेल. आजारी मेंदूत ते काय करतात हे त्यावरून कळणार नाही. त्यासाठी पुण्या-मुंबईपासून गडचिरोली-गोरखपूरपर्यंत मेंदूज्वराच्या प्रत्येक बालरुग्णाचा, पालकांच्या संमतीने, जनुकसंच आणि तपासणीसाठी काढलेल्या मस्तिष्कमेरुद्रवाचा उरलेला थेंब एकत्र जतन केला पाहिजे, आणि सायटोकाइन अडवणारी नवी औषधे येथील रुग्णालयांत रुळण्यापूर्वी हे काम सुरू झाले पाहिजे.